माडीवरच्या दोन खोल्या

कोणाचंही नवं घर बघायला गेले की भाऊ आधी बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक करत, मग मान मागे टाकून छताकडे बघत, सगळ्या खोल्या फिरत आणि शेवटी दारात येऊन चपला घालता घालता विचारत, “चांगलं हाय. पण झाडते कोण?”

घरमालकाचं तोंड त्या क्षणी बघण्यासारखं होई. सागवान कुठून आणलं, फरशी कुठल्या गावची, जिना नागपूरच्या कोणत्या बंगल्यावरून उचलला, हे सगळं सांगायला तो सज्ज असे आणि पाहुणा विचारी केरसुणीचं. आमच्या खामगावात त्या दिवसांत घर बांधण्याची साथच आली होती. कापसाला दोन-तीन वर्षं बरा भाव लागला, की दलालापासून वखारीच्या मुनीमापर्यंत सगळ्यांना आपापली घरं एकाएकी लहान वाटू लागत. ज्याच्या घरात चार माणसं, तो आठ खोल्या काढी. वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं कोणी चढत नसे, पण तो रस्त्यावरून दिसे, आणि बांधणाऱ्याला तेवढं पुरे असे. अशा प्रत्येक घराच्या वास्तुशांतीला त्यांना बोलावणं जाई, कारण पगाराच्या मानानं ते गावातले वजनदार गृहस्थ होते. ते येत, भरपूर जेवत, आणि जाताना तो प्रश्न टाकून जात.

सगळ्यांसारखं मीही त्यांना भाऊ म्हणत असे. आमच्या कापूस कंपनीत ते पारखी होते आणि मी वजनाचा कारकून. बाजारात बोली लागून कापसाची गाडी जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात आली, की माल उतरवण्याआधी भाऊ गाडीपाशी जात. बाही वर सारून हात कोपरापर्यंत कापसात घालत, तळचा पुंजका काढत, दोन्ही अंगठ्यांत धरून तो हळूच ओढत आणि तंतूची लांबी बघत. कापूस ओला आहे का, त्यात किडकी पिवळी बोंडं किती, पाला किती, हे बघून चिठ्ठीवर एकच शब्द लिहीत: अव्वल, नाहीतर दोयम, नाहीतर सोयम. त्या एका शब्दावर शेतकऱ्याच्या हातात काय पडायचं ते ठरे. भाऊंच्या शब्दावरून आवारात तंटा झालेला मी कधी पाहिला नाही. रोहिणखेडचा एक म्हातारा मुसलमान शेतकरी तर मलकापूरचा बाजार जवळ असताना वाटेत मुक्काम करत आमच्याकडे गाडी आणी. मी एकदा त्याला विचारलं, “काऊन हो मियाँ, एवढ्या दूर कायले येता?” तो भाऊंकडे बोट करून म्हणाला, “त्याईच्यासाठी.”

आता असा माणूस राहावा कुठे? तर एका पिंजाऱ्याच्या माडीवर. पिंजारी मरून गेला होता. त्याची बायको, जिला सगळं गाव खाला म्हणे, ती खाली राहायची आणि तिच्या डोक्यावर भाऊंचा संसार. दोन खोल्या, पुढे हातभर रुंदीची गॅलरी आणि वर टिनाचं छत. जिना बाहेरच्या अंगाला, लाकडी, इतका अरुंद की ज्वारीचं पोतं वर न्यायचं तर हमाल आडवा होऊन चढे. उन्हाळ्यात ते टिन असं तापे, की दुपारी भाऊ, त्यांची बायको आणि मुलगी तिघंही खाली खालाच्या ओसरीवर येऊन बसत. खाला कापूस पिंजत असे आणि हे तिघं तिच्याशी गप्पा मारत असत. कंपनीचा पारखी, पिंजारणीच्या ओसरीवर! आम्ही त्या गल्लीतून मुद्दाम जात असू आणि पुढच्या वळणावर पोट धरून हसत असू.

पगार माझ्या तिप्पट. शिल्लक किती होती, हे त्यांच्यापेक्षा गावाला जास्त ठाऊक होतं. मग हा माणूस घर का बांधत नाही? कोणी म्हणे चिक्कू आहे. कोणी म्हणे अकोल्याला याचं दुसरं बिऱ्हाड आहे, पैसा तिकडे जातो. कोणी म्हणे, ज्योतिष्यानं सांगितलंय की स्वतःच्या घरात पाय ठेवलास की वर्षात जाशील. ही शेवटची गोष्ट मीच उठवली होती. ती चांगली चालली. दोन महिन्यांनी मलाच ती एका दलालानं शपथेवर सांगितली.

चिक्कू म्हणावं तर त्यांच्या घरी जेवायला बसलेल्याला तसं म्हणायची सोय नव्हती. तूप घरचं कढवलेलं, आणि वाढताना हात आखडत नसे. संत्री आली की टोपलीनं आणत, आंबे आले की पेटीनं. मुलीला पुढे अमरावतीला शिकायला ठेवायचं त्यांनी ती दुसरी-तिसरीत असतानाच ठरवून टाकलं होतं. आणि हंगाम संपून जिनिंगचा भोंगा बंद झाला, की तिघं वळकट्या बांधून जलंब जंक्शनच्या गाडीत बसत. एका वर्षी समुद्र बघून आले, एका वर्षी बर्फ. आम्ही म्हणायचो, “पैसे इंजिनाच्या धुरात घालून राह्यला हा माणूस.” तेच तोंड सकाळी त्यांना चिक्कू म्हणे आणि संध्याकाळी उधळ्या, आणि आम्हाला त्यात काही खटकत नसे.

मुलीचं लग्नाचं वय झालं तेव्हा वडनेर भोलजीकडच्या एका मालदार घराण्यातून विचारणा आली. मध्यस्थ मी. मी भाऊंना म्हटलं, “पाहुणे येतील तेव्हा त्या दिवसापुरतं माझ्या ओळखीच्या दलालाचं घर मागून घेऊ. तोही देतो म्हणतो.”

“काऊन?”

“अहो, ते लोक मोठे आहेत.”

“पोरगी पाह्याले येऊन राह्यले, का घर?”

मी म्हटलं, “दोन्ही.” ते हसले, पण दलालाचं घर घेतलं नाही.

पाहुणे आले. मुलाचे काका अंगानं असे होते की जिन्यावर त्यांना मागून दोघांनी आधार दिला. दाराच्या चौकटीला त्यांचा फेटा आपटून वाकडा झाला. खोली पाहून ते म्हणाले, “ही तं सामान ठेवाची जागा झाली. तुमी राह्यता कोठी?”

“अठीच,” भाऊ म्हणाले. “बसा. चहा घ्या.”

पाहुण्यांनी चहा घेतला, मुलीला एकही प्रश्न विचारला नाही, आणि नंतर त्यांचा निरोपही आला नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, आता तरी डोळे उघडतील. दोन दिवसांनी मी मुद्दाम दुःख दाखवायला गेलो, तर बाप-लेक त्या काकांच्या फेट्यावरून हसत होते. वहिनी तेवढ्या हसत नव्हत्या. मला पाणी देताना त्या म्हणाल्या, “याईचं म्हणणं खरंच असते, बाबू. पण सोळा वर्षं झाले, भिंतीत एक खिळा ठोकाचा असला तरी मी खाली जाऊन खालाले विचारते.”

भाऊंनी ते ऐकलं. त्यांचं हसणं थांबलं.

त्याच वर्षी मी घर काढलं. मुख्य रस्त्यावर, आठ खोल्यांचं. खिडक्यांना निळ्या-पिवळ्या काचा लावायच्या होत्या, आमच्या जिनिंगच्या मालकाच्या घराला होत्या तशाच. भिंती छातीइतक्या आल्या तेव्हा मोठ्या हौसेनं भाऊंना बघायला नेलं. त्यांनी चुन्याच्या ओल्या भिंतीवर टकटक केली, खोल्या मोजल्यासारखे फिरले आणि विटांच्या ढिगाऱ्यापाशी थांबून विचारायचं ते विचारलं. माझी बायको तिथंच गवंड्यांना पाणी देत होती. घरी आल्यावर ती दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “त्याईले सांगा, मी झाडते म्हणून. दुसरं कोण झाडन?”

मग तो हंगाम आला. भाव कोसळला. मुंबईहून कंपनीचा नवा एजंट आला. तरुण होता, पांढरे बूट घालायचा आणि आवारातल्या चिखलातून ते सांभाळत चालायचा. एका सकाळी त्यानं भाऊंना आणि मला कचेरीत बोलावलं. बाहेर गाड्यांची रांग लागली होती, बैलांच्या घुंगरांचा आवाज आत येत होता.

एजंट म्हणाला, “आज से अव्वल मत लिखो. जो भी माल आए, दोयम.”

भाऊ म्हणाले, “माल अव्वल असला तं?”

“तो भी.”

“असं लिहून देता तुमी?”

एजंट हसला. भाऊ म्हणाले, “मंग मी नाही लिहीत.”

“आपको नौकरी करनी है कि नहीं?”

भाऊ खरोखर विचार करू लागले. हातातला कापूस निरखावा तसे क्षणभर खाली बघत राहिले. मग म्हणाले, “नाही.” खुंटीवरची टोपी घेतली, छत्री घेतली आणि निघाले. आवाज चढला नाही, दार आपटलं नाही. रांगेतल्या एका बैलानं वाटेत मान घातली होती, ती त्यांनी हातानं बाजूला केली आणि फाटकाबाहेर गेले.

एजंटनं चिठ्ठ्यांची वही माझ्यापुढे सरकवली. “इतने साल देखा है ना? तुम लिखो.”

त्या आठवड्यात सुतार कामाला लागले होते. चौकटी उभ्या राहत होत्या. बायकोनं कोणत्या खोलीत काय ठेवायचं ते सगळं ठरवून टाकलं होतं. मी ह्याचा विचार केला असं म्हणणंही खोटं ठरेल. मी पेन्सिल उचलली, एवढंच.

तिसरी गाडी रोहिणखेडच्या म्हाताऱ्याची होती. त्यानं इकडेतिकडे बघितलं. “भाऊ कोठी गेले?”

“रजेवर आहेत,” मी म्हटलं आणि कापसात हात घातला. त्याच्या घरच्या बायकांनी एक-एक पानाचा कण वेचून काढला असला पाहिजे. तंतू लांब, कोरडा, स्वच्छ. त्या वर्षी आवारात आलेला सगळ्यात चांगला कापूस तो. मी दोयम लिहून चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

त्याला वाचता येत नव्हतं. पण अव्वल हा शब्द कागदावर कसा दिसतो, हे इतक्या वर्षांत त्याला पाठ झालं होतं. त्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उलटी केली. “बाबू, हे दुसरंच काही लिवलं.”

“दोयम आहे.”

“भाऊनं सांगतलं?”

“मी लिहिलं.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्यानं तंटा केला असता तर मला चार वाक्यं बोलता आली असती, भावाचं, बाजाराचं, वरच्या हुकमाचं. ती मी जुळवूनही ठेवली होती. त्यानं गाडी मोकळी केली, बैल जुंपले आणि गेला. त्यानंतर त्याची गाडी आमच्या आवारात आली नाही.

संध्याकाळी मी भाऊंकडे गेलो. त्यांचं सांत्वन करायला जातो आहे, असं घरी सांगून गेलो. भाऊ पाटावर बसून वांग्याचं भरीत आणि भाकरी खात होते, आणि चांगले चवीनं खात होते. त्याचाच मला राग आला. मी म्हटलं, “भाऊ, तुम्ही उठून गेले. मागच्यांचा विचार नाही केला.”

“तुमचा काय विचार करू, बाबू?”

“तुमाले काय हो! दोन खोल्या. आज ह्या, उद्या दुसऱ्या. आमच्या मागं घर आहे.”

“हाव,” ते म्हणाले. “म्हणून तं भाडं देतो मी.”

“म्हणजे आम्ही बेइमान?”

भाऊंनी हातातला घास ताटात ठेवला. मग चुलीपुढून वहिनी म्हणाल्या, “सांगा ना त्याईले. हिंगणघाटचं सांगा.”

भाऊंना ते सांगायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण सांगितलं. तरुणपणी ते हिंगणघाटला एका व्यापाऱ्याकडे पारखी होते. लग्न झालं, नोकरी पक्की झाली, आणि त्यांनी तिथं घर बांधलं. स्वतःचं, पाच खोल्यांचं, मागे विहीर आणि पेरूची दोन झाडं. पेरू वहिनींनी लावले होते. पुढच्याच वर्षी मालकानं सांगितलं, चांगल्याला वाईट लिही. “आणि मी लिवलं,” भाऊ म्हणाले. “दोन वर्षं लिवलं, बाबू. एक डाव नाही. रोज सकाळी जायचो, हात घालायचो आणि लिवायचो. घरी यायचो तं घर पाहून वाटायचं, हे आहे म्हणून लिवतो. मंग ते घरच डोळ्यांपुढे नको झालं.”

त्यांनी ते विकलं, नोकरी सोडली आणि खामगावला आले. पेरूला पहिली फळं धरली होती, असं वहिनी म्हणाल्या. ती त्यांनी चाखली नाहीत.

मी गॅलरीत आलो तेव्हा भाऊ मागोमाग आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमचं घर अर्धं झालं. अर्ध्या घरातून उठता येत नाही माणसाले. मले माहीत आहे.” त्यांनी मला शिवी दिली असती तर मी ती आनंदानं घेतली असती आणि पुढची वीस वर्षं त्यांना नावं ठेवायला मोकळा झालो असतो. ते मला समजून घेत होते. मी जिन्यावरून इतक्या घाईनं उतरलो की शेवटची पायरी चुकली.

मी माझं घर विकलं नाही. पूर्ण केलं. निळ्या-पिवळ्या काचा लावल्या. वास्तुशांतीला गाव जेवलं आणि सगळ्यांनी जिना फार सुरेख झाल्याचं सांगितलं.

भाऊंना महिन्याभरात अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं बोलावून घेतलं. त्यांचा संसार एका गाडीत मावला. गाडीवर वळकट्या, दोन पेट्या, भांड्यांचं पोतं, एक खुर्ची. आणि मुलीनं भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेतलेलं. खालानं स्वतः पिंजलेल्या कापसाची रजई दिली आणि पदर तोंडाला लावून ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली. निघताना भाऊ माझ्याजवळ आले. म्हणाले, “बाबू, हात कोपरापर्यंत घालत जा. वरचं पाहून काही समजत नाही.” जसं काही मी खरंच पारख करणार होतो!

त्यांची जागा मला मिळाली, आणि काही वर्षांनी पगारही. मी हात कोपरापर्यंत घालत असे. कापूस कोणता, ते मला बोटांनाच समजे. मग एजंटला जे हवं ते लिही. अकोल्याहून अधूनमधून कोणी आलं की कानावर येई: भाऊंनी तिकडेही दोनच खोल्या घेतल्या, मुलगी अमरावतीला शिकून शिक्षिका झाली, उन्हाळ्यात तिघं अजून कुठे कुठे जातात. गावात ते ऐकून लोक म्हणत, बघा, अजून बुद्धी आली नाही. मी मान डोलावत असे.

एका हिवाळ्यात बातमी आली की भाऊ गेले. चार दिवसांचा ताप आला आणि गेले. मुलगी उशाशी होती. इकडे कोणी सुतक पाळायचं नव्हतं, आवारात कोणी काम थांबवलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी रोहिणखेडचा म्हातारा फाटकाशी आला. गाडी नव्हती. कोणाच्या तरी निकाहासाठी खामगावला आला होता, अंगात धुतलेली शेरवानी होती आणि हातात काठी. मला ओळखलं की नाही, ते चेहऱ्यावरून समजलं नाही. म्हणाला, “भाऊचा पत्ता पाह्यजे होता. म्हटलं, अकोल्याले जाऊन भेटीन.”

मी सांगितलं. त्यानं डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. मग विचारलं, “अठी त्याईचं घर कोणतं होतं?”

मी त्याला गल्लीत घेऊन गेलो. वाटेत माझं घर लागलं. मी ते दाखवलं नाही. माडीखाली आलो तेव्हा त्यानं वर बघितलं. टिनावर कोणा नव्या भाडेकरूचं मिरचीचं वाळवण होतं. “हे?” तो म्हणाला. “हे तं पिंजाऱ्याचं दिसते.”

“भाड्यानं राहत होते.”

“सारे वर्षं?”

“सारे वर्षं.”

खाला ओसरीवर बसली होती. तिला आता नीट दिसत नव्हतं. “कौन है?” तिनं विचारलं. म्हातारा म्हणाला, “रोहिणखेड का हूँ, आपा. भाऊ के वास्ते आया था.” खालानं हातानं चाचपून बाजूची घोंगडी झटकली. “बैठो भाई, बैठो. उनको कौन भूलता है?”

तो बसला. काठी आडवी ठेवली. ती त्याला विचारू लागली की तू त्यांना कसा ओळखतोस, आणि तो सांगू लागला. मी समोर उभा होतो. बराच वेळ उभा होतो. मग म्हाताऱ्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तो अगदी हळू, कसलाही राग न ठेवता म्हणाला, “तुमी जा आता, बाबू. घरी वाट पाहत असतीन.”

मी निघालो. मागे खाला त्याला भाऊंची कसलीशी गोष्ट सांगत होती, आणि ती दोघं म्हातारी माणसं मोठ्यानं हसली. कोणती गोष्ट, ते मला वळणापर्यंत ऐकू आलं नाही.